माझी शांतता कोणाच्या खात्यावर?

रोजचा ताण हलका करायला पैसे लागत नाहीत, हे मी आजवर पुष्कळ जणांना सांगितलं आहे. बँकेतल्या सहकाऱ्यांना, नणंदेला, बारावीच्या वर्षात रडकुंडीला आलेल्या भाचीला. रोज थोडं चाल, श्वास सावकाश सोड, रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेव, मनातलं कागदावर उतरव, वेळेवर झोप. यातलं काहीच खोटं नाही. मी स्वतः हे सगळं करते आणि मला त्याचा गुण आलेला आहे. तरी अलीकडे हे सांगायला तोंड उघडलं की आतून कुणीतरी थांबवतं. पैसे लागत नाहीत, मग काय लागतं, असं विचारतं. हा प्रश्न बाजूला सारून पुढे जाणं मला आता बरं वाटत नाही.

आधी गुण येतो तो कसा, ते नीट मांडते, कारण त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. संकट समोर दिसलं की मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन लहानशा ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन सोडतात, छाती धडधडते, स्नायू ताठ होतात. पाठोपाठ कॉर्टिसॉल येतं आणि रक्तातली साखर वाढवून ठेवतं. ही सगळी तयारी लढायची नाही तर पळायची. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली दाखवलं की थंडी असो, जखम असो की विषारी औषध, शरीराचा प्रतिसाद पुष्कळसा सारखाच असतो. आमच्या बँकेत मार्चअखेर असतो तेव्हा ना लढायचं असतं ना पळायचं. खुर्चीत बसून आकडे जुळवायचे असतात. शरीर मात्र तयारीत राहतं आणि संध्याकाळी घरी जाऊनही ती तयारी उतरत नाही.

या यंत्रणेला आपण हुकूम देऊ शकत नाही. 'शांत हो' म्हटल्याने छाती शांत होत नाही. पण एक दार आपल्या हातात आहे, ते म्हणजे श्वास. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. हे बहुतेकांचं होतं, मनगटावर बोट ठेवून पाहिलं तर कळतंही. म्हणून सोडण्याचा काळ लांबवला की ठोके उतरायला वाव मिळतो. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी काही माणसांना जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हूँ' हा मंत्र म्हणायला लावला, तेव्हा दोन्हींमध्ये श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. माझी आजी संध्याकाळी दिवा लावून जपाला बसायची. तिला हे गणित ठाऊक नव्हतं, पण उठताना तिचा चेहरा वेगळा असायचा हे मी पाहिलं आहे. आणि या गोष्टी तपासून पाहाव्यात हा विचार आपल्याकडे काही बाहेरून आला नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं, ते प्राणायामाचं शरीरावर काय होतं हे उपकरणांनी मोजण्यासाठीच.

काउंटरवर माझा उपाय इतकाच असतो. एक ग्राहक उठून दुसरा बसेपर्यंत दोन्ही तळवे जमिनीला टेकवायचे, खांदे सोडायचे आणि एक श्वास अगदी शेवटपर्यंत बाहेर जाऊ द्यायचा. कुणाच्या लक्षातही येत नाही. दुपारी तीनच्या सुमाराला, डोकं जड झालेलं असताना, या एका श्वासाने मी पुढच्या माणसाशी नीट बोलू शकते. याला खरोखर पैसे लागत नाहीत, वेळही लागत नाही. इथपर्यंत माझं मन निःशंक आहे.

प्रश्न सुरू होतो तो सकाळच्या चालण्यापाशी.

आम्ही सहकारनगरमध्ये राहतो. तळजाईची टेकडी जवळ. सहाला निघते, साडेसात-पावणेआठला परत. पावसाळा संपता संपता तिथे गवत कमरेइतकं वाढतं, मोर ओरडतात, ओल्या मातीचा वास येतो. पहिली दहा मिनिटं डोक्यात कालचं भांडण, आजची मीटिंग, आईच्या औषधाची चिठ्ठी, असं सगळं चालू असतं. मग कधीतरी ते थांबतं. थांबलेलं कळतही नाही, पक्ष्याचा आवाज ऐकू आला की कळतं की मघापासून मी काहीच विचार करत नव्हते. या एका गोष्टीने मला वाईट वर्षांतून बाहेर काढलं आहे. ही टेकडी जागेवर आहे ती वनखात्याच्या झाडांमुळे आणि टेकड्यांवर बांधकाम नको म्हणून वर्षानुवर्षं सभांना, सुनावण्यांना जाणाऱ्या पुणेकरांमुळे. मी त्यातल्या एकाही सुनावणीला गेलेले नाही. माझ्या फुकट चालण्याची किंमत आधी कुणीतरी आपल्या सुट्टीच्या दिवसांनी भरून ठेवली आहे, हे मी विसरता कामा नये.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी जनता वसाहतीत राहतात, पर्वतीच्या उतारावर. घरी पोचायला रोज चढ चढावा लागतो, पाण्याची भरलेली कळशी कधीकधी वर न्यावी लागते. एकदा त्यांचं डोकं फार दुखत होतं. मी त्यांना चहा दिला आणि जे सगळ्यांना सांगते तेच त्यांनाही सांगितलं. मावशी, रोज थोडं मोकळ्या हवेत चालत जा, बरं वाटेल. त्या कप हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, मी दिवसभर चालतेच की. तुमच्याकडनं पाटलांकडे, पाटलांकडनं त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यात, तिथनं वर घरी. अजून किती चालू?"

त्या रागाने नव्हत्या म्हणाल्या. त्यांना खरंच कळत नव्हतं की मी काय सांगते आहे. आणि त्या क्षणापासून मला ते नीट कळू लागलं. पावलं त्यांचीही पडतात, चढ त्याही चढतात, हवा तीच. पण माझं चालणं माझ्या मर्जीचं आहे. दमले तर मी दगडावर बसते, कंटाळा आला तर मागे फिरते. त्यांना पाटलांकडे आठ वाजता पोचायचंच असतं.

लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे १८,००० पुरुष कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९६७ साली सुरू झाला. मायकेल मार्मट यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. समजूत अशी होती की वरच्या साहेबाला जबाबदारी जास्त म्हणून हृदयविकारही जास्त. निघालं उलटंच. हुद्दा जितका खालचा तितका हृदयविकाराने मृत्यू होण्याचा धोका जास्त. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही फरक पुरता मिटला नाही. १९८५पासून बायकांनाही घेऊन दुसरा अभ्यास झाला, त्यात आणखी एक गोष्ट पुढे आली. आपलं काम कसं नि कधी करायचं हे ज्यांच्या हातात नव्हतं, त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला. ताण म्हणजे नुसतं कामाचं ओझं नाही, आपल्या वेळेवर आपला ताबा नसणं हाही ताणच आहे. हे वाचलं तेव्हा मला काउंटरपलीकडचे साहेब आठवले नाहीत, माझ्या स्वयंपाकघरातल्या मावशी आठवल्या.

म्हणजे मी ज्याला फुकट म्हणते त्याला पैसे लागत नाहीत हे खरं, पण स्वतःचा म्हणता येईल असा अर्धा-पाऊण तास लागतो. तो ज्याच्याकडे आहे त्यालाच हे उपाय फुकट आहेत. माझ्याकडे तो कुठून आला? मी टेकडीवर असते तेव्हा नवरा आईंना चहा देतो, त्यांची गोळी देतो, आणि मी परत येईपर्यंत मावशींनी भांडी घासून कणीक मळून ठेवलेली असते. नवऱ्याने वाटा उचलला तो त्याच्या राजीखुशीने, आमचं तसं बोलणं झालेलं आहे. मावशींशी मी कधी काय बोलले? सातला या, एवढंच. माझ्या शांततेतला मोठा भाग त्यांच्या खात्यातून माझ्या खात्यात जमा होत आला आणि पासबुकात ती नोंद नाही.

हे एकट्या माझ्या घराचं नाही. २०१९ सालच्या सरकारी वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. त्यात पुन्हा घरकामाला हात लावणारे पुरुष शेकडा २६ आणि बायका शेकडा ८१. सकाळी टेकडीवर ध्यान लावून बसलेल्या एखाद्या काकांच्या शांत चेहऱ्याकडे बघून मला आता प्रश्न पडतो, की या वेळी त्यांच्या घरी गॅसपाशी कोण उभं आहे. तो प्रश्न दुसऱ्याला विचारणं सोपं आहे. मी तो आधी स्वतःला विचारते आहे, कारण मीही पगार देऊन तोच वेळ दुसऱ्या बाईकडून घेते.

माझी आजी जुन्नरकडच्या गावात पहाटे दळायला बसायची. जात्यावरच्या ओव्यांबद्दल हल्ली फार गोड बोललं जातं आणि मीही बोललेली आहे. त्यात तथ्य आहे. खुंटा ओढताना लय धरावी लागते, ओवीची ओळ संपेपर्यंत श्वास पुरवावा लागतो, म्हणजे सोडण्याचा काळ आपोआप लांबतो. आणि जे सासूसमोर, नवऱ्यासमोर बोलायची सोय नव्हती ते जात्यापुढे बोलता यायचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टींबद्दल लिहायला सांगितलं होतं. लिहून झाल्यावर लगेच त्यांना उलट वाईटच वाटलं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. आमच्या आज्यांना वही नव्हती, त्यांनी जात्यालाच सांगितलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून अशा लाखभराहून अधिक ओव्या गोळा केल्या. बायकांनी केवढं काय सांगून ठेवलं आहे, ते त्या आकड्यावरून कळतं.

पण आजीचे तळहात मी धरलेले आहेत. अंगठ्याच्या खालच्या बाजूला टणक झालेली कातडी, दगडासारखी. पीठ हवं होतं म्हणून ती पहाटे उठायची, मन मोकळं करायला नाही. गिरणी आली तेव्हा तिने जात्याची आठवण काढून उसासा टाकला नाही, ती अर्धा तास जास्त झोपली. तिच्या कष्टाला मी ताणमुक्तीचा जुना नैसर्गिक उपाय म्हणायला लागले, तर तिच्यावर अन्याय होईल. ओवी तिची स्वतःची होती. दळण तिच्यावर लादलेलं होतं. तिने लादलेल्यातून स्वतःचं काहीतरी काढलं, एवढंच म्हणायचा मला अधिकार आहे.

भाचीच्या बाबतीतही मला पुन्हा विचार करावा लागला. तिला मी श्वासाचं सांगितलं, तिने केलंही, पण झोप येत नव्हती ती नव्हतीच, जेवण तुटलं होतं. 'मावशी, मला हेसुद्धा जमत नाही,' असं ती म्हणाली तेव्हा मला जाणवलं की साधा उपाय साधा म्हणून सांगितला की तो न जमल्याचा कमीपणा ऐकणाऱ्याच्या डोक्यावर बसतो. आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशात मन लागत नाही, जगणं नकोसं वाटतं, अशी स्थिती असेल तर टेकडी आणि वही पुरत नाही. डॉक्टर लागतात. टेलि-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे, १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास कुणीतरी बोलायला असतं, त्यालाही पैसे पडत नाहीत. हा क्रमांक मी आता कुणालाही बाकीच्या उपायांच्या आधी सांगते. भाची डॉक्टरांकडे गेली, आता बरी आहे, आणि आता ती श्वासाचा सराव आपणहून करते.

तर मग माझ्या विवेकापुढे प्रश्न असा उरतो. मी माझा ताण कमी करते, ठीक आहे. पण दिवसभरात मी दुसऱ्याचा किती वाढवते?

नोव्हेंबर महिन्यात आमच्याकडे पेन्शनरांची रांग लागते, हयातीच्या दाखल्यासाठी. २०१४पासून आधारवर बोट लावून तो डिजिटल पद्धतीने देता येतो आणि पुष्कळांची त्याने सोय झाली आहे. पण एक आजी आल्या होत्या, फॅमिली पेन्शन घेणाऱ्या. यंत्र बोट घेईना. उजवा अंगठा, डावा अंगठा, मग एकेक बोट. बोटांच्या टोकांवरच्या रेषा पार झिजून गेलेल्या. आजी पदराने बोट पुसायच्या, यंत्रावर दाबायच्या, माझ्या तोंडाकडे बघायच्या. रांगेतलं कुणीतरी मागून म्हणालं, "अहो, आवरा." आजींचा हात थरथरायला लागला. अगदी खाली आवाज काढून त्यांनी विचारलं, "बाई, म्हंजे आता माझी पेन्शन बंद?"

मी माझा तो सवयीचा श्वास सोडला आणि मला बरं वाटलं. पण माझं बरं वाटणं त्यांच्या काय उपयोगाचं होतं? मी त्यांना दीर्घ श्वास घ्या म्हटलं असतं तर ते क्रूर झालं असतं. त्यांना हवं होतं एक वाक्य, ते मी सांगितलं. "आजी, पेन्शन बंद होत नाही. बोट नाही घेतलं तर कागदी फॉर्म आहे, तुम्ही समोर आहात, मी आत्ता भरून घेते. बसा इथे." शिपायाने खुर्ची आणली. त्या बसल्या, हाताचं थरथरणं थांबलं. फोनवरून चेहरा ओळखण्याची सोयही २०२१पासून आहे, पुढच्या वर्षी नातवाला घेऊन या म्हणून तेही सांगितलं. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नाहीत.

जे वाक्य त्या दिवशी सांगितलं ते रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला आधी सांगता आलं असतं. पुढे काय होणार हे न कळणं शरीराला फार महागात पडतं. जे वाईस या संशोधकाने सत्तरच्या दशकात उंदरांवर केलेले प्रयोग हेच सांगतात. विजेचा झटका दोन उंदरांना सारखाच, पण ज्याला आधी सूचना मिळायची त्याच्या पोटात व्रण फार कमी झाले. खुर्चीवर बसणाऱ्याच्या हातात ही सूचना देणं असतं. आता नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसापासून आमच्या दारावर मोठ्या अक्षरांत कागद लागतो: बोट लागलं नाही तरी पेन्शन बंद होत नाही, काउंटरवर फॉर्म मिळेल. रांगेतली कुजबूज बदललेली ऐकू येते. हाही ताण कमी करायचा बिनखर्ची उपाय आहे, आणि श्वासाच्या, झोपेच्या यादीत तो कुणी घालत नाही, कारण तो स्वतःसाठी नसतो.

मग हेच घरी का नको? मावशींना पगार कधी मिळणार ही तारीख पक्की हवी. पाहुणे येणार असतील तर सकाळी दारात नाही, आदल्या दिवशी कळायला हवं. आठवड्याची सुट्टी मागून घ्यावी लागू नये, ठरलेली असावी. यातल्या काही गोष्टी होत्या, काही नव्हत्या, आता आहेत. माझ्या चालण्याची वेळ त्यांच्या येण्याच्या वेळेला बांधलेली आहे, तीही सोडवता येईल का हे मी पाहू लागले.

मावशींना मी एके दिवशी विचारलं, की रोज सकाळी अर्धा तास तुमचा तुम्हाला मिळाला तर काय कराल. मला वाटलं होतं, देवळात जाईन म्हणतील, नाहीतर सूर्यनमस्कार घालेन. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "झोपेन," म्हणाल्या. त्या पहाटे साडेचारला उठतात, कारण नळाला पाणी तेव्हा येतं, मग मुलाचा डबा, मग आम्ही.

पाण्याची वेळ माझ्या हातात नाही. आमची आहे. त्या आता आमच्याकडे साडेसातला येतात. पाणी भरून झाल्यावर त्यांना पुन्हा अर्धा तास पडता येतं. कणीक मी रात्री मळून ठेवते, सकाळची भांडी नवरा विसळून ठेवतो, आणि चालायला मी आठवड्यातले काही दिवस संध्याकाळी जाते. संध्याकाळी टेकडीवर गर्दी असते, मोर दिसत नाहीत, पण डोकं तसंच शांत होतं. मात्र आमच्याकडे अर्धा तास उशिरा आल्या की पुढची दोन्ही घरं अर्ध्या तासाने सरकतात, आणि तिथे त्यांना बोलणी बसायला लागली आहेत. पाटीलवहिनींशी मी बोलले, त्यांनी सुनेला विचारून सांगते म्हटलं आहे. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या बाईंशी माझी नुसती तोंडओळख आहे. रविवारी त्यांच्याकडे जायचं ठरवलं आहे.